घर, मुलंबाळं आणि दुभत्या शेळ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या दुधापुरत्या दोन-चार शेळ्या पाळू पाहणाऱ्या, आणि त्याच वेळी मुलं, नोकरी, घरकाम सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. व्यापारी शेळीपालनाचा विचार इथे केलेला नाही. शेळ्यांची माहिती सहज मिळते, पण ती घराच्या वेळापत्रकात कशी बसवायची हे कुणी सांगत नाही. म्हणून इथे भर त्यावर आहे.

घरात लहान मुलं आहेत, दोघंही नोकरी करतो. शेळ्या पाळणं जमेल का?

जमेल की नाही हे जागेपेक्षा आणि पैशापेक्षा एका गोष्टीवर ठरतं. सकाळ आणि संध्याकाळ, या दोन ठरलेल्या वेळी गोठ्यात कोण उभं राहणार? रविवारी, पावसात, मूल तापाने फणफणलेलं असताना, घरात पाहुणे असताना कोण? या प्रश्नाला एकच नाव येत असेल तर थोडं थांबा. निदान दोन मोठ्या माणसांना धार काढता आली पाहिजे. एकाच माणसाच्या जिवावर चालणारा गोठा त्या माणसाच्या पहिल्याच आजारपणात अडचणीत येतो.

हात बसलेला माणूस एका शेळीची धार पाच ते दहा मिनिटांत काढतो. नवख्याला वीस मिनिटंही लागतात आणि बोटं भरून येतात. त्यात चारा, पाणी, झाडलोट, दूध गाळणं आणि भांडी घासणं धरलं, तर दोन-तीन शेळ्यांपायी दिवसाचा तास-दीड तास जातो. माझा आग्रह असतो की शेळ्या आणण्याआधी याची तालीम करा. काही आठवडे रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास ठरल्या वेळी घराबाहेर पडायचं आणि गोठ्याच्या जागेचंच काहीतरी काम करायचं: कुंपण, गव्हाण, सफाई. या काळात घरात कुठे ताण येतो ते दिसतं. डबे कोण भरतं, धाकट्याला कोण सांभाळतं, कुणाची झोप मोडते, हे सगळं जनावर दारात येण्याआधीच कळलेलं बरं.

एकच शेळी पाळली तर काम कमी होईल ना?

काम वाढेल. शेळी कळपातलं जनावर आहे. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी झाग्रोस पर्वतांच्या परिसरात माणसाने तिला माणसाळवलं, तेव्हाही ती कळपानेच राहत होती आणि ती गरज अजून सुटलेली नाही. एकटी शेळी दिवसभर ओरडते, खाणं कमी करते, कुंपण तोडून माणसांच्या मागे येते. किमान दोन हव्यात, आणि सुरुवातीला तीनपेक्षा जास्त नकोत.

इथे एक हिशेब आधीच करून ठेवा. शेळीला बहुधा जुळी होतात. दोन शेळ्या व्याल्या की अंगणात एकदम सहा जनावरं उभी राहतात. म्हणून गोठा आणि चारा दोनांचा नको, सहांचा धरा. आत बसायला प्रत्येक मोठ्या शेळीला दीड ते दोन चौरस मीटर कोरडी जागा लागते. मोकळं फिरायला त्याच्या कितीतरी पट.

दिवसातून दोनदा धार काढलीच पाहिजे का? आमच्याकडे संध्याकाळ मुलांच्या अभ्यासात आणि जेवणातच जाते.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि शेळी घेण्याआधी याचं उत्तर ठरलेलं असावं. लहान मुलांच्या घरांना मी एकच पद्धत सुचवते: करडं आईपाशी ठेवायची आणि धार दिवसातून एकदाच, सकाळी काढायची.

ती अशी चालते. व्याल्यानंतर पहिले दोन आठवडे करडं रात्रंदिवस आईजवळ राहू द्यायची. या दिवसांत त्यांचा वाटा घ्यायचा नाही, पण कास मात्र रोज हाताने चाचपायची. करडं पुष्कळदा एकाच सडाची सवय लावून घेतात. मग दुसरी बाजू तटतटते, दुखते आणि तिथून कासदाहाला वाट मिळते. अशा वेळी तुंबलेली बाजू थोडी मोकळी करायची. दोन-तीन आठवड्यांनंतर, करडं चारा चघळू लागली की संध्याकाळी त्यांना शेजारच्या कप्प्यात बंद करायचं. आई दिसेल, तिचा वास येईल, पण सड तोंडात येणार नाही असा कप्पा हवा. आत मऊ चारा आणि पाणी ठेवायचं. सकाळी धार काढायची आणि करडं सोडून द्यायची. दिवसभर ती पितात, म्हणजे संध्याकाळची धार तीच काढतात.

यात दूध कमी मिळतं हे खरं. साधारण निम्म्याच्या आसपास धरून चाला. पण बदल्यात संध्याकाळ मोकळी होते. शिवाय एखाद्या दिवशी बाहेरगावी जायचं असेल, तर आदल्या संध्याकाळी करडं बंदच करायची नाहीत. त्या दिवशी घरात दूध येणार नाही, बाकी काही बिघडणार नाही. चारा-पाणी बघायला शेजारी पुरतो, त्याला धार यायची गरज नाही. घरातलं वातावरण टिकून राहायला ही सवड दोन लिटर जादा दुधापेक्षा मोलाची आहे.

तोटेही सांगायला हवेत. काही शेळ्या पान्हा चोरतात. करडांसाठी दूध राखून ठेवतात आणि माणसाला देत नाहीत. शांतपणे, रोज त्याच जागी, त्याच क्रमाने धार काढली की बहुतेकजणी सैलावतात. दुसरं म्हणजे आईपाशी वाढलेली करडं माणसाला बुजतात. त्यांना जन्मापासून रोज हातात घ्यायला हवं, आणि हे काम मुलं आनंदाने करतात. तिसरा मुद्दा गंभीर आहे. सीएई नावाचा विषाणूजन्य रोग आईच्या चिकातून आणि दुधातून करडांत जातो, म्हणून ही पद्धत तपासणी झालेल्या निरोगी शेळ्यांवरच वापरावी.

करडं आईच्या दुधापासून तुटल्यावर दोनदा धार काढायची की एकदा, हे शेळीच्या दुधावर ठरतं. वेताच्या, म्हणजे व्याल्यापासून आटेपर्यंतच्या काळाच्या, सुरुवातीच्या भरात असलेली जास्त दुधाची शेळी एका धारेवर ठेवू नये. वेताच्या उत्तरार्धात बऱ्याच शेळ्या एका धारेवर नीट राहतात. बदल सावकाश करायचा आणि कास कडक, गरम लागते का याकडे लक्ष ठेवायचं. आणि दोनदा काढत असाल तर बरोबर बारा तासांचं अंतर राखण्यासाठी जीव काढू नका. दहा आणि चौदा तासही चालतात. रोजची वेळ मात्र तीच हवी. आज सहाला, उद्या नऊला हे शेळीला सोसत नाही.

कोणती जात घ्यावी? किती दूध मिळेल?

सानेन, टोगेनबर्ग, आल्पाइन या आल्प्स परिसरातून आलेल्या जाती भरपूर दुधासाठी जगभर पाळल्या जातात. चांगल्या खुराकावर तीन लिटर किंवा जास्त दूध देणाऱ्या शेळ्या त्यांत सहज आढळतात. अँग्लो-नुबियन ही जात ब्रिटनमध्ये तिथल्या शेळ्या आणि भारत, मध्यपूर्व, आफ्रिकेतून आलेले बोकड यांच्या संकरातून तयार झाली. तिचं दूध तुलनेने कमी, पण दाट. नायजेरियन ड्वार्फ आकाराने लहान असते, लिटरभराच्या आसपास देते आणि स्निग्धांश भरपूर. लहान मुलं हाताळणार असतील तर कमी वजनाचं जनावर ही मोठी सोय असते.

तरीही माझं मत असं की जातीच्या नावापेक्षा त्या एका शेळीकडे बघा. तुमच्याच हवेत वाढलेली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, माणसाळलेली शेळी नवख्या घराला सगळ्यांत बरी. पहिल्या वेताची शेळी आणि पहिल्यांदा धार काढणारा माणूस, दोघं एकमेकांकडून काहीच शिकू शकत नाहीत. विकत घेण्याआधी स्वतःच्या हाताने धार काढून बघा. सड हातात बसतात का, शेळी लाथ झाडते का, दुधात गुठळ्या आहेत का, हे तिथेच कळतं. कासेचे दोन्ही भाग सारखे आणि मऊ असावेत. सीएई, जोन्स रोग (आतड्यांचा जुनाट संसर्ग) आणि ब्रुसेलोसिस (माणसालाही होणारा जंतुसंसर्ग) यांची तपासणी झाली आहे का ते विचारा. मानेखाली किंवा जबड्याजवळ गाठी असलेलं जनावर कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

शेळी दरवर्षी वीत नसेल तर दूध बंद होतं का?

लगेच नाही. एक वेत साधारण दहा महिने दुधाचं धरतात, पण चांगल्या दुभत्या शेळ्या पुन्हा न फळवता दीड-दोन वर्षं दूध देत राहतात. थंडीच्या दिवसांत दूध उतरतं आणि पुढे पुन्हा थोडं वाढतं. व्यापारी गोठ्याला हे परवडेल न परवडेल, घराला मात्र फार सोयीचं असतं. घरात नवं बाळ येणार आहे, कुणाचं ऑपरेशन आहे, घर बदलायचं आहे, अशा वर्षी शेळी फळवायचीच नाही. रात्रीची जागरणं नाहीत, करडांची सोय लावायची नाही, आणि रोजचं दूध चालू राहतं. दोन शेळ्या असतील तर एक या वर्षी, दुसरी पुढच्या वर्षी असा पाळीपाळीचा क्रम लावता येतो.

विण्याची तारीख आपल्या सोयीने ठरवता येते का?

बरीचशी. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. १ नोव्हेंबरला फळलेली शेळी ३१ मार्चच्या आगेमागे विते. त्यामुळे आधी कॅलेंडरवर घरातल्या मोठ्या गोष्टी मांडा, म्हणजे परीक्षा, प्रवास, नोकरीतला धावपळीचा महिना, आणि मग १५० दिवस मागे मोजा. माज साधारण २१ दिवसांनी येतो आणि एक-दोन दिवस टिकतो. शेपटी सतत हलवणं, ओरडणं, दुधात घट, योनीमार्गातून चिकट स्राव ही त्याची खूण. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत मात्र बहुतेक जाती दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे शरद ऋतूपासून पुढे काही महिनेच माजावर येतात. तिथे निवड थोडी आखडते.

मुलांना कोणती कामं द्यावीत?

खरी कामं द्यावीत, पण जनावराचा जीव त्यांच्या आठवणीवर टांगू नये. हा एक नियम पाळला की बाकी सगळं घरागणिक ठरवता येतं. दहा वर्षांच्या मुलीने पाणी भरायचं असेल तर भरू द्या, आणि रात्री झोपण्यापूर्वी बादली भरली आहे का हे मोठ्या माणसाने बघा. बघितलं हे तिला कळू देऊ नका असं मी म्हणणार नाही. उलट सरळ सांगा की गोठ्यात मोठ्यांचं कामही दुसरं कुणीतरी तपासतं. ते खरंही असायला हवं.

चार-पाच वर्षांची मुलं करडांना हात लावायला, गव्हाणीत पाला टाकायला मोठ्यांसोबत येऊ शकतात, एकटी नको. आठ-नऊच्या पुढे खुराक मापून देणं, वजनाची आणि दुधाची नोंद ठेवणं, खुर कापताना शेळी धरून उभं राहणं जमतं. धार काढायला बोटांत ताकद लागते. बऱ्याच मुलांना ती बारा वर्षांच्या सुमारास येते, काहींना आधीही. शिकताना सड ओढायचा नाही, वरून अंगठा आणि तर्जनीने बंद करून बाकीच्या बोटांनी दाबत आणायचा, हे पहिल्या दिवशीच शिकवा.

दोन गोष्टींवर मात्र ठाम बंदी हवी. वयात आलेल्या बोकडाजवळ मुलाने एकट्याने जायचं नाही. आणि करडाच्या कपाळाला हात लावून ढकलाढकलीचा खेळ खेळायचा नाही. तीन किलोचं करडू डोकं लावतं तेव्हा गंमत वाटते. तीच सवय घेऊन ते साठ किलोचं होतं आणि मग धाकट्या भावाला खाली पाडतं.

गोठ्यातून मुलांना किंवा गरोदर बाईला काही आजार होऊ शकतात का?

होऊ शकतात, आणि यात भिडस्तपणा नको. गरोदर स्त्रीने शेळी विताना, वार पडताना किंवा गाभडताना (गर्भपात होताना) जवळ जाऊ नये. ओल्या करडांना, माखलेल्या पेंढ्याला, त्या कामाच्या कपड्यांनाही हात लावू नये. क्यू ताप, टोक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया आणि शेळ्यांना गाभडायला लावणारा क्लॅमिडिया, यांचा संसर्ग गर्भाला घातक ठरू शकतो. म्हणजेच घरात गरोदरपण असेल त्या काळात विणाऱ्या शेळीची जबाबदारी पूर्णपणे दुसऱ्याची. दोन्ही तारखा एकाच महिन्यात येणार नाहीत हे वर सांगितलेल्या हिशेबाने बघता येतं.

पाच वर्षांखालच्या मुलांना लेंड्यांतून पसरणाऱ्या ई. कोलाय आणि क्रिप्टोस्पोरिडियमचा त्रास जास्त होतो. गोठ्यातून आलं की साबण आणि वाहतं पाणी. सॅनिटायझरवर भागवू नका, क्रिप्टोस्पोरिडियम त्याने मरत नाही. गोठ्याच्या चपला दाराबाहेरच राहाव्यात आणि गोठ्यात खाणंपिणं नसावं. करडांच्या ओठांवर खपल्या दिसल्या तर तो बहुधा ऑर्फ हा संसर्ग असतो. तो माणसाच्या बोटांवरही येतो, म्हणून हातमोजे घालूनच हाताळायचं आणि मुलांना तेवढे दिवस लांब ठेवायचं.

ताजं दूध कच्चंच प्यायलेलं चांगलं ना?

नाही. कच्च्या दुधाच्या मोहाबद्दल भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाचा इतिहास पुरेसा बोलतो. तिथल्या सैनिकांना आणि रहिवाशांना वर्षानुवर्षं लांबणारा ताप येत असे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला. तो येतो कुठून हे मात्र १९०५ पर्यंत कळलं नाही. त्या वर्षी थेमिस्टोक्लीस झमिट यांनी दाखवलं की वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात त्याची खूण आहे आणि दुधातून तो माणसांत जातो. ब्रुसेलोसिस तो हाच. निरोगी दिसणारी शेळी आणि स्वच्छ दिसणारं दूध यांवरून काहीच सिद्ध होत नाही.

दूध ६३ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवलं की पाश्चरीकरण होतं. थर्मामीटर नसेल तर सरळ उकळा. धार काढण्याआधी सड पुसा आणि पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या गडद वाटीत घेऊन बघा. गुठळ्या, पाणचटपणा, रक्ताचा अंश दिसला तर ते दूध बाजूला. नंतर गाळून लगेच थंड करा, ४ अंशांच्या जवळ. शेळीच्या दुधाला वास येतो ही तक्रार बहुतेकदा उशिरा थंड केल्याची, नीट न घासलेल्या भांड्याची किंवा जवळ बांधलेल्या बोकडाची असते.

बाळाला वरचं दूध म्हणून शेळीचं दूध देऊ का? ते हलकं असतं म्हणतात.

एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी साधं शेळीचं दूध देऊ नये. त्यात फोलेट फार कमी असतं आणि त्यावरच वाढवलेल्या बाळांना रक्तक्षय होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचं दूधही चालत नाही, कारण प्रथिनं मिळतीजुळती असतात. दुग्धशर्कराही जवळपास तेवढीच असते. शेळीच्या दुधापासून बाळांसाठी खास बनवलेली पावडर ही वेगळी वस्तू आहे. ती द्यायची का हे बालरोगतज्ज्ञाने ठरवायचं. मोठ्या मुलांना आणि माणसांना उकळलेलं दूध खुशाल द्या.

सकाळी शाळेची गडबड असते. गोठ्याचं काम कसं बसवायचं?

सकाळचं निम्मं काम आदल्या रात्री संपवून. खुराक मापून झाकणाच्या डब्यात, धारेचं भांडं घासून पालथं, पुसायची फडकी घडी करून, गव्हाण चाऱ्याने भरलेली. सकाळी फक्त धार, पाणी आणि एक नजर.

जागेची आखणी यापेक्षाही जास्त वेळ वाचवते. नळ गोठ्यापर्यंत नेलेला असावा. दुभत्या शेळीला उन्हाळ्यात दिवसाला दहा लिटरच्या घरात पाणी लागू शकतं. ते बादलीने वाहून नेणं हेच अनेक घरांत पहिलं भांडण ठरतं. गोठ्यात दिवा असावा. धारेचा ओटा माणसाच्या उंचीला बेतलेला असावा, म्हणजे पाठ जात नाही. आणि शक्य असेल तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेळ्या दिसाव्यात. दिवसातून दहा वेळा सहज नजर पडते तिथे आजार लवकर कळतो.

खायला काय द्यायचं, आणि कशाची भीती?

शेळीचं पोट चार कप्प्यांचं. त्यातल्या मोठ्या कप्प्यात जंतू चारा आंबवतात आणि ती त्यावर जगते. म्हणून आहाराचा पाया चारा आणि झाडपाला, धान्याचा भरडा किंवा पेंड हे वरचं. गाईसारखी ती खाली मान घालून गवत कातरत राहत नाही, तोंड वर करून पाला ओरबाडते. चारा टांगून दिला तर नासाडी कमी होते. खाण्यातला कोणताही बदल आठवडा-दहा दिवसांत हळूहळू करायचा. मीठ-खनिजाची चाटण शेळ्यांसाठीची हवी. मेंढ्यांची चालत नाही, कारण शेळीला लागणारं तांबं त्यात नसतं.

मुलांच्या घरात सगळ्यांत मोठा धोका उघड्या दाराचा. शेळ्या धान्याच्या कोठीत शिरल्या आणि पोटभर दाणा खाल्ला की पोट आम्ल होतं, आणि जनावर एका दिवसात दगावू शकतं. म्हणून दाण्याचा डबा शेळीच्या जिभेला न उघडणाऱ्या कडीचा, आणि तो बंद दाराआड. दोन अडसर हवेत, कारण एक कधीतरी राहणारच. असं झालंच तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा, आणि मुलाला सांगून ठेवा की दार उघडं राहिलं तर लगेच येऊन सांगायचं, कुणी रागावणार नाही. भीतीपोटी लपवलेला एक तास शेळीच्या जिवावर बेततो.

कण्हेर, एरंड, घाणेरी, ऱ्होडोडेंड्रॉन, यू ही झाडं आवाक्यात नकोत. कोवळ्या किंवा पाण्याअभावी सुकलेल्या ज्वारीच्या फुटव्यांनी किराळ लागते, म्हणजे सायनाइडची विषबाधा होते. कुंपण किमान सव्वा मीटर उंच, आणि त्याची जाळी करडाचं डोकं अडकणार नाही अशी.

शेळी आजारी आहे हे कामाच्या रगाड्यात कसं ओळखायचं?

रोज धार काढताना चार गोष्टी बघा. खायला धावली का, रवंथ करते का, लेंड्या सुट्या आणि कोरड्या आहेत का, कास मऊ आहे का. यातलं एक चुकलं तर ताप मोजा. ३८.५ ते ४० अंश सेल्सियस हे शेळीचं नेहमीचं तापमान. दर दोन-तीन आठवड्यांनी, पावसाळी दमट दिवसांत त्याहून लवकर, डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालसर-गुलाबी ठीक. पांढुरकी दिसली तर रक्त पिणारे जंत वाढले असण्याची शक्यता मोठी. सगळ्यांना ठरावीक तारखेला जंतनाशक पाजण्याची पद्धत सोडा. त्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात. लेंड्या तपासून, ज्या शेळीला गरज आहे तिलाच, डॉक्टरांच्या मापाने द्या. आंत्रविषार आणि धनुर्वाताची लस, आणि तुमच्या भागात पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूजन्य रोग) असेल तर त्याचीही, वेळेवर टोचून घ्या. खुर सहा ते आठ आठवड्यांनी कापा.

शेळ्या बघणारे डॉक्टर आपल्या आवाक्यात आहेत का, हे शेळी आणण्याआधी शोधायचं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर शेळीला हात लावत नाहीत.

विण्याच्या वेळी आपण काय करायचं? मुलांना बघू द्यावं का?

बहुतेक शेळ्या आपल्या आपण मोकळ्या होतात. शेपटीच्या मुळाजवळचे अस्थिबंध सैल पडले, कास तटतटली, ती एकटी कोपऱ्यात जाऊन जमीन उकरू लागली की वेळ जवळ आली. जोराच्या कळा सुरू होऊन अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही तर फोन करा. करडू बाहेर आलं की नाक-तोंड पुसायचं, नाळेला आयोडीन लावायचं आणि आईला चाटू द्यायचं. पहिल्या तास-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. रोगांशी लढणारे घटक करडाला चिकातूनच मिळतात आणि ते शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटून दिवसभरात संपत येते. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना विचारा. ओढू नका.

मुलांना बघू द्यावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र आधी सांगावं की रक्त दिसेल, आई ओरडेल, आणि कधीकधी करडू जिवंत निघत नाही. शांत बसायचं, आणि नकोसं झालं तर उठून जायचं.

नर करडांचं काय करायचं? मुलांना कसं सांगायचं?

निम्मी करडं नर असणार, आणि घरच्या गोठ्यात त्यांना ठेवायला जागा नसते. हे शेळी फळवण्याआधी ठरवायचं, करडू दुडदुडायला लागल्यावर नाही. एखादा खच्ची करून सोबती म्हणून ठेवता येतो, एखादा चांगल्या वंशाचा म्हणून पैदाशीला जातो, बाकीचे बहुधा मांसासाठीच जातात. दुधाची खरी किंमत यात आहे आणि मुलांपासून ती लपवू नये. अशा करडांना नाव देऊ नका असा सल्ला पुष्कळजण देतात. मला तो पटत नाही. मुलं नाव देणारच. त्यांना पहिल्या दिवशीच सांगा की हा अमुक महिन्यांनी जाईल. 'शेतावर मजेत आहे' अशी गोष्ट रचली तर ते कधीतरी उघड होतं, आणि मग तुमच्या दुसऱ्या कशावर विश्वास ठेवावा हे मुलाला कळत नाही.

ठेवायचा नसला तरी नर तीन महिन्यांच्या आत आई-बहिणींपासून वेगळा करा. त्या वयात तो गाभण करू शकतो.

घरचा बोकड असावा का?

दोन-तीन शेळ्यांसाठी नको. वास, वेगळं कुंपण, वेगळा सोबती आणि मुलांना धोका, एवढं सगळं वर्षातल्या दोन दिवसांसाठी. तपासणी झालेला दुसऱ्याचा बोकड किंवा कृत्रिम रेतन पुरतं.

सगळ्यांनी मिळून चार दिवस बाहेर जायचं असेल तर?

करडं आईपाशी असतील तर उत्तर वर आलं आहे. नसतील तर धार येणारं बाहेरचं एक माणूस तयार ठेवा आणि त्याला महिन्यातून एकदा तरी धार काढू द्या, म्हणजे शेळ्या त्याला ओळखतात. दूध त्याचं. गोठ्याच्या भिंतीवर एक कागद लावा: कुणाला किती खुराक, कोणती शेळी आधी, डॉक्टरांचा नंबर, कडी कशी लावायची. विण्याआधी शेळ्या आटवलेल्या, म्हणजे त्यांचं दूध बंद केलेलं असतं, ते दोन महिने लांबच्या प्रवासाला सगळ्यांत बरे, फक्त विण्याआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे घरीच राहा.

खर्च भरून निघतो का?

गोठा, कुंपण आणि डॉक्टर धरले तर पहिली काही वर्षं बहुधा नाही. वही ठेवा, चारा आणि दूध दोन्ही लिहा, आणि वर्षाअखेरीस घरातल्या सगळ्यांना दाखवा.

करून बघितलं, पण घराला झेपत नाही. आता काय?

आधी दूध आटवा. खुराक कमी करा, दोन धारांवरून एकीवर या, मग एक दिवसाआड, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत थांबा. या काळात कास रोज चाचपायची. कडक आणि गरम लागली तर डॉक्टर. शेळी गाभण असेल तर तसंही विण्याआधी दोन महिने तिला आटवावंच लागतं. आटलेल्या शेळ्यांचं काम चारा-पाण्यापुरतं उरतं आणि पुष्कळ घरांना तेवढ्यानेच श्वास घ्यायला सवड मिळते. वर्षभर तसंच राहून, मुलं थोडी मोठी झाल्यावर पुन्हा शेळी फळवता येते.

द्यायच्याच ठरल्या तर जोडीने द्या. एकत्र वाढलेल्या दोघींना वेगवेगळ्या घरी पाठवू नका. लसींची, जंतनाशकांची, वेतांची वही सोबत द्या, नेहमीचा खुराक आठवडाभर पुरेल एवढा बांधून द्या, आणि गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यात प्रवास घडवू नका.